भिवंडीचं गोडाऊन कळलं की मेव्हनचं 'डॉट एम टू' कळतं. पण फुकटचं गोडाऊन किती दिवस पुरणार?

मुंबईत बसून तुम्ही रात्री मोबाईलचं कव्हर मागवता आणि ते दुसऱ्या दिवशी दारात येतं, तेव्हा बऱ्याचदा ते भिवंडीतून निघालेलं असतं. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा... जिकडे बघाल तिकडे गोडाऊनच्या शेड आणि कंटेनरच्या रांगा. पण आजचं गोडाऊन याच भिवंडीतल्या एका लॅपटॉपमध्ये आहे.

झालं असं की, माझा मावसभाऊ भिवंडीत राहतो, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचा फोन. "ताई, हॉटस्पॉटचा डेटा संपला, आणि प्रोग्राम अजून सुरूच झाला नाही." मी मास कम्युनिकेशनवाली. पण 'ही कॉम्प्युटरवर काम करते' एवढंच आमच्या घरात सगळ्यांना माहिती. मग मी ऑफिसमधल्या डेव्हलपरला पकडलं आणि प्रकरण समजून घेतलं.

जावामध्ये प्रोजेक्ट करायचा तर सगळा कोड कुणी स्वतः लिहीत नाही. डेटाबेसशी बोलणारा, लॉगिन सांभाळणारा कोड आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. अपाचे मेव्हन हे टूल तुमची यादी वाचतं, त्यातल्या लायब्ररी 'मेव्हन सेंट्रल' नावाच्या मोठ्या गोडाऊनमधून आणतं आणि तुमच्या कॉम्प्युटरवरच्या छोट्या गोडाऊनमध्ये ठेवतं. हे छोटं गोडाऊन म्हणजेच लोकल रिपॉझिटरी. ती तुमच्या युजर फोल्डरमध्ये 'डॉट एम टू' नावाच्या फोल्डरात असते.

गंमत अशी की, तुम्ही यादीत पाच नावं लिहिता, पण त्या पाचांना आणखी पन्नास लागतात. वर मेव्हनला स्वतःचं काम करायला प्लगइन लागतात, ती वेगळी. म्हणून पहिल्यांदा स्क्रीनवर डाउनलोडच्या ओळींचा पाऊस पडतो. दुसऱ्यांदा तोच प्रोजेक्ट चालवला की माल घरातूनच निघतो. हे कुणी आधी सांगत नाही, त्यामुळे पोरं घाबरून मध्येच बंद करतात.

आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. नेट मध्येच गेलं आणि लायब्ररी आली नाही, तर मेव्हन त्या अपयशाचीही नोंद त्याच फोल्डरात ठेवतं. नेट परत आलं तरी ते कधीकधी लगेच पुन्हा प्रयत्न करत नाही, साधारण दिवसभर थांबतं. आमचा भाऊ तेच करत होता, तीच कमांड वीस वेळा. उपाय एका ओळीचा आहे. कमांडच्या शेवटी डॅश आणि कॅपिटल यू लावा, किंवा त्या एका लायब्ररीचं फोल्डर उडवून पुन्हा चालवा. सगळं 'डॉट एम टू' उडवू नका. बरेच जण तोच सल्ला देतात, आणि मग सगळा डेटा पुन्हा जातो.

दुसरा घोळ जुन्या ट्युटोरियलचा. १५ जानेवारी २०२० पासून मेव्हन सेंट्रलने साध्या एचटीटीपीवरून माल देणं बंद केलं, आता एचटीटीपीएसच लागतं. त्याआधीचा व्हिडिओ बघून पत्ता टाकला तर ५०१ एरर येऊ शकते. तुमची चूक नसते, व्हिडिओ म्हातारा झालेला असतो.

सी ड्राइव्ह भरलाय? मग 'सेटिंग्ज डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये गोडाऊनची जागा बदलता येते. ही फाइल 'डॉट एम टू'मध्ये आपोआप येत नाही, स्वतः बनवावी लागते. शोधून शोधून लोक थकतात, कारण ती तिथे नसतेच.

आता यात बातमी काय? तर मेव्हन सेंट्रल फुकट आहे, पण ते चालवणं फुकट नाही. ते चालवणाऱ्या सोनाटाइप कंपनीने २०२४ मध्ये सांगितलं की, एकूण बँडविड्थपैकी ८३ टक्के फक्त १ टक्का आयपी पत्ते खातात. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा. त्यातल्या कित्येक आणलेला माल साठवतच नाहीत, प्रत्येक वेळी नव्याने मागवतात. मग कंपनीने अशा गिऱ्हाइकांवर मर्यादा घालायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपन सोर्स सिक्युरिटी फाउंडेशन, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सोनाटाइप यांच्यासह अनेक संस्थांनी खुलं पत्रच काढलं. म्हणणं एवढंच की, ज्या कंपन्या यावर पैसे कमावतात त्यांनी खर्चातला वाटा उचलावा.

माझ्या मते मागणी रास्त आहे. फक्त मर्यादा आयपी बघून लागते, आणि कॉलेजच्या लॅबमधले साठ कॉम्प्युटर बाहेरून एकाच आयपीचे दिसू शकतात. कंपनीकडे स्वतःचं मधलं गोडाऊन उभारायला पैसा असतो. लॅबमध्ये सर सांगतात, "घरी जाऊन करा." घरी हॉटस्पॉट असतो.

भावाचं सबमिशन झालं, दुपारी. त्यानंतर त्याने 'डॉट एम टू'मधलं फक्त 'रिपॉझिटरी' हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. सेटिंग्जची फाइल घेतली नाही, कारण तिच्यात पासवर्ड असू शकतात. मित्राने ते आपल्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवलं, कमांडला डॅश आणि छोटा ओ लावला, आणि तोच प्रोजेक्ट नेट बंद ठेवून चालला. आता वर्गातली आणखी तिघं पेनड्राइव्ह मागतायत.