झाकलेला विस्तव

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर निरोप आला. "मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी अग्निविद्या शिबिर! चकमक, धनुष्य-कांडी, फेरो रॉड. काडेपेटी आणणाऱ्यास प्रवेश नाही." पुढे हसरे चेहरे आणि ज्वाळांची चित्रं.

मी निरोप वाचला, मोबाईल उलटा ठेवला आणि दोन दिवस काहीच उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच कळवलं, की मी येणार नाही, आणि माझं ऐकाल तर तुम्हीही मार्चमध्ये हे करू नका. मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं मी घाबरट झालोय, कुणी म्हणालं वय झालं. दोन्ही खरं असेल. पण माझं म्हणणं दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी या छंदाचा शत्रू नाही. चार वर्षं या मंडळींबरोबर मी ढोपरं टेकून फुंकर मारली आहे. शू पॉलिशच्या रिकाम्या डबीला भोक पाडून, त्यात जुन्या सुती बनियनचे तुकडे भरून ते निखाऱ्यावर कोळशासारखे काळे करून घेणं, मग तुटक्या कानशीचा तुकडा गारगोटीवर घासून त्या काळ्या चिंधीवर एक ठिणगी झेलणं... ती ठिणगी चिंधीवर बसते आणि तांबडी किनार हळूहळू पसरायला लागते, तेव्हा पोटात जे काही होतं ते मला कुठल्याही कड्यावर उभं राहून झालेलं नाही. आणि धनुष्य-कांडी? पांगाऱ्याची वाळकी फळी, वर दाबायला नारळाची करवंटी, अर्धा तास हात भरून येईपर्यंत ओढाताण. खोबणीत काळी भुकटी साठत जाते, धूर येतो, आपण थांबतो, आणि आपण थांबलो तरी धूर थांबत नाही. तो क्षण! ती भुकटी काथ्याच्या घरट्यात घेऊन फुंकताना मी लहान मुलासारखा ओरडलो होतो. हे सगळं मला अजूनही आवडतं.

भांडण आहे ते वेगळ्या गोष्टीशी. आम्ही त्या चार वर्षांत आग पेटवायच्या सात रीती शिकलो. विझवायची एकही नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीचा शेवट होता. घाटमाथ्यावरचं एक गाव, नाव सांगत नाही, त्या गावाला आमच्यामुळे आधीच पुरेसा त्रास झालाय. गावाबाहेर एका सपाटीवर आम्ही दगडांचं वर्तुळ केलं, प्रात्यक्षिकं झाली, फोटो झाले, भाकऱ्या शेकल्या. रात्री आमच्या म्होरक्यानं पायानं माती ओढून आगीवर टाकली, वर दोन-चार ओंजळी अजून टाकल्या, आणि आम्ही देवळात झोपायला गेलो. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मीही दोन ओंजळी माती टाकली होती.

पहाटे आरडाओरडा झाला. वारा सुटला होता आणि सपाटीखालचा गवताचा उतार पेटला होता. आम्ही पोचेपर्यंत गावातले पंधरा-वीस बाप्ये आणि बाया हिरव्या फांद्या घेऊन झोडपत होत्या. आम्हीही झोडपायला लागलो, पण आमच्यातल्या अर्ध्यांना फांदी कशी मारायची हेसुद्धा माहीत नव्हतं. ती वर उचलून जोरात आपटली की ठिणग्या उडतात आणि आग पुढे जाते, दाबून ओढायची असते. हे आम्हाला एका मावशीनं आगीसमोर शिकवलं, ओरडून. तासाभरात विझली. दोन-अडीच एकर गवत गेलं. तुम्हाला-मला ते गवत म्हणजे डोंगराचा रंग. त्यांना ती वैरण होती, कापून ठेवायची राहिलेली.

विझल्यावर एक म्हातारा आमच्या वर्तुळापाशी येऊन बसला. काठीनं माती उकरली. खाली निखारे होते, लालभडक. तो आमच्या म्होरक्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाला, "रातच्याला इस्तू झाकून ठिवला व्हता व्हय?"

"नाही मामा, विझवला होता. माती टाकून."

म्हातारा जरा वेळ आमच्याकडे बघत राहिला. "माती टाकून इझतोय व्हय कुठं? माती टाकून ठिवत्यात."

त्या वाक्यानं मला थेट माझ्या आजीच्या चुलीपुढे नेऊन बसवलं. आजी रोज रात्री निजायच्या आधी चुलीतले मोठे निखारे एका बाजूला ओढायची, वर गोवरीचा तुकडा ठेवायची आणि राखेनं सगळं झाकून टाकायची. सकाळी राख बाजूला केली की खाली विस्तव जिवंत. एखाद्या दिवशी विझलाच तर ती मला गोवरीचं खांड देऊन शेजारी पिटाळायची, "जा रे, काकूंकडून विस्तव घेऊन ये." वाटेत तो विझू नये आणि कुणाच्या गंजीवर उडू नये, याच्या सूचना देत. म्हणजे ज्या युक्तीनं आजी आग बारा तास जगवायची, नेमक्या त्याच युक्तीला आम्ही शिबिरात विझवणं म्हणत होतो! माती काय, राख काय, हवा कमी मिळते, निखारा भडकत नाही, पण उष्णता आतच कोंडून राहते. वारा किंवा एखादं कुत्रं वरची माती उकरेपर्यंत तो वाट बघत बसतो.

आग खरी विझवायची रीत फार सोपी आहे. भरपूर पाणी ओता. काठीनं तळापर्यंत ढवळा. पुन्हा पाणी ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघा, आणि ऊब लागली नाही तर बोट घालून बघा. हात ठेववत नसेल तर ती आग विझलेली नाही, पुन्हा पहिल्यापासून. खालची मुळं धुमसत नाहीत ना, हेही उकरून बघायचं. एवढं पाणी जवळ नसेल तर याचा अर्थ फक्त एकच, तिथे आग पेटवायचीच नाही. हे शिकवायला वीस मिनिटं पुरतात. आमच्या दोन दिवसांच्या शिबिरात ती वीस मिनिटं कधीच सापडली नाहीत.

आता माझ्या मित्रांचे मुद्दे घेतो. ते सगळे वाईट नाहीत.

पहिला मुद्दा, "वणवे काय, गावकरीच लावतात." काही वेळा लावतात, हे खरं आहे. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं लावतात, काही जण निष्काळजीपणानं लावतात. पण मग काय? शेजारी कचरा रस्त्यावर टाकतो म्हणून आपणही टाकायचा, असं आपण पोरांना शिकवतो का? आणि एक फरक आहे. गावातला माणूस चुकला तर पहाटे फांदी घेऊन तोच धावतो. आपण रविवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या गाडीत असतो.

दुसरा मुद्दा, "जंगलात हरवलो तर जीव वाचवायला ही विद्या लागेल." इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सह्याद्रीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरपासून गवत वाळायला लागतं. फुलून मेलेल्या कारवीची रानंच्या रानं काटक्या होऊन उभी असतात. मार्च-एप्रिलात ठिणगी पडायचा अवकाश. त्या दिवसांत हरवलेल्या माणसाला काय मारतं? ऊन आणि तहान. त्याला आग नको असते, पाणी आणि सावली हवी असते. उलट आषाढ-श्रावणात, चिंब भिजून, वाऱ्यात कुडकुडत घळीत अडकलेल्या माणसाला आग खरोखर हवी असते, आणि तेव्हा आमच्या शिबिरातलं काहीही चालत नाही. गवत ओलं, काटक्या ओल्या, चिंधी ओली. तेव्हा उपयोगी पडतं ते उभ्या वाळक्या लाकडाची साल काढून, फोडून आतलं कोरडं काढणं, त्याला चाकूनं बारीक कुरळ्या सोडणं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कापूर, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, व्हॅसलीन चोळलेला कापूस. आणि हो, एक साधा लायटर. म्हणजे आमची शिबिरं आग सोपी असते आणि नको असते त्याच महिन्यांत भरतात. कारण उघड आहे. मार्चमध्ये सगळ्यांची पेटते. सगळ्यांचे फोटो येतात.

गवताचा उतार माणसाला किती वेळ देतो, याबद्दलही भ्रम नको. खालून येणारी ज्वाळा वरचं गवत आधीच तापवत येते, त्यामुळे आग चढाला वेग घेते आणि माणूस चढाला मंदावतो. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या ट्रेकर्सना दोष द्यायला हे सांगत नाही. आपल्यासारखीच होती ती माणसं, सुट्टीला डोंगरात गेलेली.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका, "ही आपल्या पूर्वजांची विद्या आहे." यावर मला हसू येतं. सगळ्यांच्या कमरेला लटकणारा तो फेरो रॉड कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या 1903 सालच्या मिश्रधातूचा आहे. लायटरच्या चाकाखाली तोच तुकडा असतो. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडात जॉन वॉकरनं 1827 सालीच विकायला काढल्या होत्या. म्हणजे ज्या काडेपेटीला शिबिरात प्रवेश नाही, ती या 'आदिम' साधनाहून पाऊणशे वर्षांनी म्हातारी आहे! परदेशातून बर्चची साल मागवणारेही आमच्यात आहेत. कोकणातल्या भेरली माडाच्या झावळीच्या बुडाशी जो मऊ कापूस मिळतो, तो यांनी पाहिलेला नाही. सावरीचा कापूस पाहिलाय, पण उशीत.

आणि खऱ्या पूर्वजांचंच बोलायचं तर पूर्ण बोलू. यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात हे खरं. पण मंथन थोड्या वेळाचं असतं. अग्निहोत्र घेतलेल्यानं तो अग्नी पुढे सांभाळायचा असतो, रोज सकाळ-संध्याकाळ आहुती द्यायची असते, आणि हयगयीनं तो विझला तर प्रायश्चित्त सांगितलेलं आहे. माझी आजी वेद शिकली नव्हती, पण तिचंही तेच चाललं होतं. दोघांच्याही लेखी पेटवणं ही सुरुवात होती, त्यापुढचं सांभाळणं हे काम. आम्ही सुरुवात तेवढी उचलली, घड्याळ लावून तिची शर्यत केली, आणि काम टाकून दिलं.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो. राखीव जंगलाला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 30 तेच सांगतं. पण कायद्याच्या भीतीनं शिकलेली गोष्ट डोंगरात टिकत नाही, म्हणून त्यावर भर देत नाही.

मग माझं मागणं काय? शिबिर बंद करा, असं नाही. जुलैत घ्या, कुणाच्या तरी शेतघराच्या अंगणात, पावसात, हाताशी पाण्याचा ड्रम ठेवून. ज्याची पेटेल त्याचं कौतुक दुप्पट करू. अर्धा वेळ पेटवण्याला, अर्धा विझवण्याला. आणि ज्यानं राखेत बोट घालून दाखवलं नाही, त्याला प्रमाणपत्र देऊ नका, त्याची कितीही सेकंदांत पेटलेली असो.

आणखी एक. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं त्या गावात गेलो होतो, जाळरेषा काढायला. गवताच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा विळ्यानं कापून साफ केल्या. मग वारा पडल्यावर, दोन्ही बाजूंना माणसं फांद्या घेऊन उभी राहिली आणि मधला पट्टा थोडा थोडा जाळत नेला, म्हणजे पुढे वणवा आलाच तर तिथे त्याला खायला काही मिळू नये. तोच म्हातारा आमच्यापुढे होता. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, एक काडी ओढली, गवताला लावली. एका सेकंदाचं काम. मग आम्ही रात्री साडेदहापर्यंत त्या पट्ट्यावरून मागे-पुढे फिरत होतो, धूर दिसेल तिथे उकरत, पाणी शिंपडत. मी तीनदा म्हटलं, "मामा, विझलं की आता." तीनही वेळा तो काही न बोलता पुढे चालत राहिला.

मार्चच्या शिबिराला माझं नाव धरू नका. जुलैत ठेवलंत तर पाण्याचा ड्रम मी आणतो.