ओली भिंत रंगवून देऊ नका

22 जुलै 2021 रोजी, म्हणजे बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणात आणि सावित्रीचे पाणी महाडात शिरले. घरे, दुकाने, गोदामे बुडाली. असे संकट आले की आपले बांधव जात-धर्म न पाहता मदतीला धावतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मदतीचे दिवस संपल्यावर जे काम सुरू होते, त्याकडे आम्ही आज व्यापारी व कारागीर बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. ते काम म्हणजे बुडालेले किंवा जळालेले घर पुन्हा राहण्याजोगे करणे.

गवंडी, सुतार, वायरमन, रंगारी या धंद्यांत आपले पुष्कळ लोक आहेत. पूर ओसरला की त्यांच्याकडे कामाची रांग लागते. घरमालकालाही घाई असते. या दुहेरी घाईत पंधरा दिवसांत भिंतीवर पुट्टी आणि ऑइलपेंट चढतो. पुढे दोन-तीन महिन्यांत पोपडे सुटतात, खार फुटतो, कपाटामागे बुरशी धरते. कर्ज काढून केलेला खर्च वाया जातो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

याचे कारण साधे आहे. कोकणातील जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी पिते. वरून कोरडी दिसली तरी आतून ती वाळायला महिने लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर ती नीट वाळतच नाही. ऑइलपेंटने आतल्या ओलीची वाट बंद होते. म्हणून कामाचा क्रम पाळला पाहिजे. प्रथम फोटो काढावेत व पंचनामा होऊ द्यावा. गाळ ओला असतानाच धुवावा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. भिजलेले स्विच व सॉकेट बदलावेत. फुगलेला गिलावा काढून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सागवानी दार सावलीत वाळवावे, उन्हात ते पिळते. तोवर भिंतीला चुना पुरेसा आहे. चुन्यातून ओल बाहेर पडते. रंग पाऊस सरल्यावर द्यावा, आणि तोही परीक्षा करून. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून घाम धरला तर भिंत अजून ओली आहे असे समजावे.

आगीच्या घरात चूक वेगळ्या तऱ्हेने होते. काजळी ओल्या फडक्याने पुसली की ती भिंतीत मुरते. ती आधी कोरडीच झाडून घ्यावी. वायर व प्लास्टिक जळाल्याचा धूर ओलीशी मिळून आम्ल बनतो व लोखंड खातो. म्हणून यंत्रे आणि हत्यारे पहिल्या काही दिवसांतच साफ करावीत. स्लॅबचे काँक्रीट ठोकल्यावर पोकळ वाजले, किंवा त्यावर गुलाबी छटा दिसली, तर प्लास्टर करून झाकू नये. इंजिनिअरला दाखवावे. तेथे प्रश्न रंगाचा नसून जिवाचा असतो.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. पावसाने भिजणे हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता. ओल झाकणे हा दोष होता. आमच्या मते ओल्या भिंतीवर रंग चढवून मजुरी घेणे हे त्याच जातीचे आहे. भिजलेली मोटार, गोठलेले सिमेंट किंवा पाणी प्यालेले प्लायवूड चांगल्या मालात मिसळून विकणे हेही तसेच. ज्या दुकानदाराकडे असा माल असेल त्याने तो वेगळा ठेवावा, दोष सांगावा आणि कमी भावात द्यावा.

कोणी म्हणेल, आम्ही थांबायला सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. काही जातीलही. पण कारागिराने काम दोन हप्त्यांत वाटून घ्यावे. आत्ता धुणे, वायरिंग, गिलावा काढणे व चुना; रंग आणि फर्निचर दिवाळीनंतर. दोन्हींचा अंदाज आधीच लेखी द्यावा आणि संकट पाहून दर वाढवू नये. यात कारागिराची मजुरी बुडत नाही आणि घरमालकाचा पैसा दोनदा जात नाही. शहरोशहरीच्या आपल्या जमातींनी व व्यापारी मंडळांनी अशा मिस्त्रींची यादी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी आणि तरुण कारागिरांना हा क्रम शिकवावा. हलाल रोजीची बरकत अशाच कामात आहे.