सभेतील पापाची वाटणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की वऱ्हाडातील कितीतरी देवघरांतून सप्तशतीचे पाठ सुरू होतात. अमरावतीस अंबादेवी आणि एकवीरा यांच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. पाठाच्या ओघात अर्थाकडे लक्ष जातेच असे नाही. म्हणून पाचव्या-सहाव्या अध्यायांतील एक प्रसंग येथे उलगडून सांगावासा वाटतो.

चंड-मुंडांनी हिमालयावर देवीला पाहिले आणि धावत जाऊन शुंभाला वार्ता दिली. ती तिच्या सामर्थ्याची नव्हती, रूपाची होती. त्रैलोक्यातील सारी रत्ने आपल्यापाशी आहेत, एवढे स्त्रीरत्न मात्र राहिले, असा त्या निवेदनाचा भाव. मग सुग्रीव नावाचा दूत मधुर शब्द घेऊन गेला. देवीने आपली प्रतिज्ञा सांगितली : संग्रामात जो मला जिंकील तोच माझा पती. हे उत्तर कानी पडताच असुरांची भाषा पालटली. धूम्रलोचनाला आज्ञा झाली ती तिला केस धरून ओढीत आणण्याची. आधी रूपाची स्तुती, आणि तिने स्वतःचे मत सांगितले की केसांना हात! तिच्या म्हणण्याला उत्तर द्यावे, हा तिसरा मार्ग त्या दरबारात कोणालाच सुचला नाही.

सार्वजनिक जीवनात उतरलेल्या स्त्रीशी आपला व्यवहार याहून फार निराळा आहे काय? मे २०२२ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा वाद चालू होता. त्या वादात चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला. राज्य महिला आयोगाने विचारणा केल्यावर दिलगिरी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तत्कालीन मंत्री अब्दुल सत्तार यांनी याच सुळे यांच्याविषयी शिवराळ शब्द वापरला. त्यावरही दिलगिरी आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर आपल्या अमरावतीतच, पूर्वी चित्रपटांत कामे केलेल्या उमेदवार नवनीत राणा यांचा उल्लेख विरोधी बाजूच्या व्यासपीठावरून ‘नाचणारी’ या अर्थाच्या शब्दांनी झाला. पक्ष निराळे, वक्ते निराळे; शब्दकोश मात्र एकच.

या मतदारसंघाला स्त्री-प्रतिनिधीचे नावीन्य नाही. उषा चौधरी १९८० आणि १९८४ साली येथून निवडून आल्या. प्रतिभा पाटील १९९१ साली. पुढे २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या, तेव्हा या सुनेचा अभिमान साऱ्या शहराला वाटला. २०१९ मध्ये स्वतः राणा निवडून आल्या. त्याही मागे जायचे तर वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर याच जिल्ह्यात आहे. भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारून आपला निर्णय स्वतःच्या शब्दांत श्रीकृष्णास कळविणारी रुक्मिणी ही तिथली लेक. तिच्या पत्राचे आख्यान रंगले की आपण माना डोलावतो. तेच धैर्य शेजारच्या गावची सरपंच ग्रामसभेत दाखवू लागली, तर मात्र तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन ‘जरा समजावा’ असे सांगतो. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण खुर्ची तिची आणि आवाज पतिराजांचा, हे दृश्य अकोल्यापासून मेळघाटापर्यंत कोणी पाहिले नाही?

कोणी म्हणेल, ‘राजकारण म्हणजे आखाडाच; पुरुषांनाही शिव्या खाव्या लागतात, आणि स्त्रियांच्या जिभाही काही कमी तिखट नाहीत.’ हे खरे आहे. नवनीत राणांची भूमिका ज्यांना पटत नाही त्यांनी ती कठोर शब्दांत खोडावी, सुप्रिया सुळे यांचीही खोडावी. पण पुरुषाला शिव्या बसतात त्या बहुधा त्याच्या कृत्यांबद्दल. स्त्रीला बसतात त्या तिच्या देहावरून, चुलीवरून, कपाळावरच्या कुंकवावरून. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाच्या आवारात प्रश्न विचारू पाहणाऱ्या एका महिला पत्रकाराला संभाजी भिडे यांनी आधी टिकली लावून ये, मग बोलतो, असे सुनावले. कुंकू हे सौभाग्याचे लेणे आहे. त्याला प्रश्न विचारण्याचा परवाना कोणत्या स्मृतीने केले, हे माझ्या तरी वाचनात नाही.

शब्दांनी काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी हरिसाल आठवावे. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटातील वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची हकीकत लिहून ठेवून जीवन संपविले. दोषादोष ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु कर्तबगार म्हणून नावाजलेली अधिकारी एवढ्या टोकाला जाते, तेव्हा आजूबाजूच्या किती जणांना ते दिसत असेल!

सरकारी कचेरीत स्त्रियांच्या लैंगिक छळाची दाद मागण्यास २०१३ च्या कायद्याने समिती तरी नेमून दिली आहे. राजकीय पक्षाला तेही बंधन नाही. पक्षात मालक-नोकर हे नाते नाही, म्हणून अशी समिती सक्तीची नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. सरन्यायाधीशपदी तेव्हा आपल्या अमरावतीचेच भूषण गवई होते. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निर्णय योग्य असेल. त्याविषयी मी बोलू नये. पण कायद्याला जिथे मालक सापडत नाही, तिथे जबाबदार कोण?

याचे उत्तर सभापर्वात आहे. द्रौपदीला केस धरून सभेत आणले, तेव्हा तिने प्रथम प्रश्न विचारला : स्वतःला आधीच हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? प्रश्न निखळ कायद्याचा होता. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म म्हणून सुटका करून घेतली. तरुण विकर्ण बोलला, त्याला कर्णाने दटावून बसविले. त्या वेळी विदुराने सभासदांना प्रल्हादाची कथा सांगून पापाचा हिशेब मांडला. निंद्य कृत्याची जिथे निंदा होत नाही, त्या सभेत पापाचा अर्धा वाटा श्रेष्ठाला, म्हणजे सभेच्या प्रमुखाला लागतो. एक चतुर्थांश प्रत्यक्ष करणाऱ्याला. आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांना. करणाऱ्याच्या दुप्पट पाप प्रमुखाच्या माथी! आमच्याकडे मात्र प्रमुख म्हणतात, ‘ते त्यांचे वैयक्तिक मत आहे,’ आणि मोकळे होतात.

राहिला सभासदांचा चतुर्थांश. तो तुमचा-आमचा. व्यासपीठावर उभे राहून आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : वक्ता तेच बोलतो ज्याला हशा मिळतो. बायकांवर कोटी केली की मंडपात हमखास हशा पिकतो. कीर्तनाचे व्यासपीठही या मोहापासून अलिप्त राहिलेले नाही, आणि गंमत अशी की समोर बसलेल्यांत निम्म्याहून अधिक माता-भगिनीच असतात. पुढाऱ्यांनी हे तंत्र आमच्याकडून उचलले की आम्ही त्यांच्याकडून, हा वाद बाजूला ठेवू.

२०२३ साली संसदेने लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संमत केली. तिचे नाव ‘नारीशक्ती वंदन’. नाव सुरेख आहे. पण वंदन मूर्तीला करतात. सभेत बसलेल्या व्यक्तीला तिच्या प्रश्नाचे उत्तर हवे असते.

नवरात्रात अमरावती-अकोल्याच्या मंडळांच्या मांडवात आरतीला सर्व पक्षांचे पुढारी येतील, नारळ-शाल घेतील आणि चार शब्द बोलतील. मंडळाच्या चालकांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे की या मांडवात कोणत्याही पक्षाच्या स्त्रीविषयी हलका शब्द चालणार नाही. कोणी बोललाच, तर पुढच्या रांगेतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने उभे राहून ‘महाराज, हे येथे नको’ एवढे म्हणावे. आणि तेही न जमले, तर ध्वनिक्षेपक मंडळानेच भाड्याने आणलेला असतो. त्याची कळ मंडळाच्याच कार्यकर्त्याच्या हाताशी असते.