दिवा एकाचा, देणे दुसऱ्याचे

मे-जून महिने आले की पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून बिऱ्हाडे हलू लागतात. अकरा महिन्यांचे करार संपतात, विद्यार्थी गावी जातात, नोकरदार मंडळी कचेरीजवळ नवी जागा शोधतात, आणि गल्लोगल्ली छोट्या टेम्पोंवर गाद्या, कूलर, पुस्तकांची खोकी चढताना दिसतात. पंखा, कूलर वा शीतयंत्र रात्रंदिवस चालविण्याचेही हेच दिवस. बिल मात्र बिऱ्हाड हलल्यानंतर येते. मालक साताऱ्यास किंवा सांगलीस राहत असला तर ते त्याच्या हाती पडतच नाही. मग एके दिवशी नवा भाडेकरू कुलूप उघडून बटण दाबतो, दिवा लागत नाही, आणि चौकशीअंती कळते की चार-सहा महिन्यांची थकबाकी राहिल्यामुळे पुरवठा तोडलेला आहे. ‘ही वीज मी वापरली नाही’ असे नवा भाडेकरू म्हणतो. मालकही तेच म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात. ज्याने वापरली तो फोन उचलत नाही.

हा दोन खाजगी व्यक्तींमधला तंटा आहे, त्यात वर्तमानपत्राने पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. तथापि ज्या शहरात भाड्याच्या घरांवर एवढ्या लोकांचा संसार चालतो, तेथे मागच्या माणसाच्या देण्यापायी पुढच्या माणसाने अंधारात बसावे ही खाजगी बाब राहत नाही. कायदा, वीज कंपनी आणि घरमालक या तिघांचाही तिच्याशी संबंध आहे, आणि त्या तिघांचे वर्तन आम्हांस सारखेच निर्दोष वाटत नाही.

प्रथम कायदा पाहू. २००३ च्या वीज कायद्याने ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या करताना वीज वापरणाऱ्या व्यक्तीबरोबरच, ज्याची जागा वीजपुरवठ्यासाठी जोडलेली आहे अशा व्यक्तीचाही त्यात समावेश केला आहे. म्हणजे कंपनीचे नाते जेवढे माणसाशी, तेवढेच जागेशी. १९९५ साली ईशा मार्बल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिलावात कारखाना घेणाऱ्यावर जुन्या मालकाची थकबाकी लादता येणार नाही असा निर्णय दिला होता. पुढे १९ मे २०२३ रोजी, के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणी एकोणीस खटल्यांचा एकत्र निकाल देताना त्याच न्यायालयाने सांगितले की, थकबाकी आपोआप जागेवरील बोजा होत नाही. परंतु तशी तरतूद कायद्याने अथवा नियमांनी केलेली असेल, तर ती जुनी बाकी भरल्याखेरीज जोडणी देणार नाही असे म्हणण्याचा कंपनीस अधिकार आहे.

महाराष्ट्रात तशी तरतूद आहे. राज्य विद्युत नियामक आयोगाने २००५ साली ती केली आणि २०२१ च्या नव्या नियमांतही ठेवली. पूर्वीच्या मालकाची किंवा ताबेदाराची बाकी जागेवरील बोजा समजली जाईल व नव्याकडून वसूल करता येईल. मात्र वारसाची गोष्ट सोडली तर ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बाकीपुरतीच राहील. ही मर्यादा आम्हांस न्याय्य वाटते. कंपनीचे पैसे बुडाले तर ते अखेर वेळेवर बिल भरणाऱ्या ग्राहकाच्याच दरात मिळविले जाणार. तेव्हा काही भार जागेवर राहावा हे योग्यच आहे. दुसऱ्याच्या जुन्या पापाचे अमर्याद ओझे कोणावर पडू नये, हेही तितकेच योग्य.

पण या मर्यादेचा लाभ कोणास मिळतो याचा विचार फारसा होत नाही. जुन्या वाड्यांतून मीटर अनेकदा भाडेकरूच्या नावे असे. असा भाडेकरू बिल न भरता गेला तर वाड्याचा मालक हा नवा ताबेदार ठरतो आणि सहा महिन्यांच्या आडोशाला उभा राहू शकतो. सदनिकांची गोष्ट निराळी आहे. तेथे मीटर बहुधा मालकाच्या नावे असतो. कंपनीच्या दप्तरी ग्राहक तोच, म्हणून बाकीही त्याचीच. ती एका वर्षाची असली तरी ‘मी नवा ताबेदार आहे’ असे म्हणण्याची सोय त्याला नाही. निवृत्तिवेतनात भर म्हणून एक खोली भाड्याने देणाऱ्या विधवेस हा भेद कोणी समजावून सांगत नाही; तिला तो वसुलीच्या खिडकीवर कळतो.

आता कंपनीचे पाहू. बिल थकल्यास लेखी सूचना द्यावी आणि पूर्ण पंधरा दिवस वाट पाहून पुरवठा तोडावा, असा अधिकार कायद्याच्या छप्पन्नाव्या कलमाने तिला दिला आहे. ग्राहकाकडून सुमारे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी अनामतही तिने घेऊन ठेवलेली असते. एका महिन्याचे बिल, ते भरण्याची मुदत आणि नंतरचे पंधरा दिवस एवढे धरले, तरी बाकी अनामतीच्या फार पलीकडे जाण्याचे कारण नाही. असे असताना सहा-सहा, आठ-आठ महिने बिल साचते कसे? ते कोणीतरी साचू देतो म्हणूनच. आणि जी सूचना निघते ती कोठे जाते? ज्या घरात बिल न भरणारा राहतो, त्याच घराच्या पत्त्यावर. ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्याला वगळून, जो ते बुडविणार त्यालाच इशारा देण्याची ही रीत आहे.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गातील काच फुटली आणि फोडणारा सापडला नाही की साऱ्या वर्गाकडून वर्गणी काढण्याची प्रथा तेव्हा होती. मुले ती मुकाट्याने देत. परंतु काच फुटताना पाहूनही गप्प राहिलेला गडी त्या वर्गणीत आपला वाटा देत नाही, हेही त्यांच्या ध्यानात येई. कंपनीची भूमिका त्या गड्याहून फार वेगळी नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात महावितरणने पुरवठा कायमचा तोडलेल्या ग्राहकांसाठी अभय योजना आणली व ती २०२५ पर्यंत लांबविली. मूळ रक्कम भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ, असे तिचे स्वरूप होते, आणि जागेच्या नव्या मालकास वा ताबेदारासही तिचा लाभ घेता येत होता. तिने पुष्कळांची सोय झाली असेल. पण अशी माफी अधूनमधून येतेच, हे कळल्यावर वेळेवर भरणाऱ्याच्या मनात काय येत असेल, याचाही विचार करावयास हवा होता.

घरमालकांविषयी बोलताना मात्र आमची सहानुभूती आम्हांस आवरती घ्यावी लागते. बिल थकले म्हणून फ्यूज काढून नेणे, पाण्याचा नळ बंद करणे हे प्रकार या शहरात सर्रास होतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने भाडेकरूचे पाणी किंवा वीज पुरेशा कारणावाचून तोडणे हा मालकाचा गुन्हा ठरविला आहे. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सोय असल्याचे सांगून, मालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूस वीज नाकारता येणार नाही असे म्हटले. शिवाय ‘शेवटचे बिल यायचे आहे’ या सबबीखाली विद्यार्थ्याची सबंध अनामत गिळणारे मालकही थोडे नाहीत. मुलगा लातूरला किंवा अकोल्याला परत गेला, की पंधरा-वीस हजारांसाठी तो कोर्टात येणार नाही, हे त्यांस पक्के ठाऊक असते. बिल बुडविणारा भाडेकरू आणि अनामत बुडविणारा मालक यांत आम्हांस काही फरक दिसत नाही. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावरच टाकली आहे. तो केलेला नसला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही.

आश्चर्य असे की या साऱ्या भांडणावरचा उपाय नियमांत लिहिलेला आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार, जागा रिकामी होताना किंवा ताबा बदलताना ग्राहकाने कळविल्यास कंपनीने खास वाचन घेऊन मागील बाकीसह अंतिम बिल द्यावयाचे असते, आणि ते भरल्यावर ‘काही येणे नाही’ असा दाखलाही द्यावयाचा असतो. हा दाखला हाती असेल तर मालकास अनामत अडविण्याचे निमित्त उरत नाही आणि नव्या भाडेकरूस भीती उरत नाही. किती पुणेकरांनी तो मागितला आहे? आम्ही ओळखीच्या घरमालकांकडे चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी आमच्याचकडून ही गोष्ट प्रथम ऐकली. पाण्याचे व नळाच्या गॅसचे हिशेब निरनिराळ्या संस्थांकडे असल्याने त्यांची तऱ्हा निराळी. पण निघण्याच्या दिवशी दोघांच्या समक्ष मीटरचा आकडा टिपून छायाचित्र काढण्यास तेथेही कोणाची परवानगी लागत नाही.

महावितरणकडे आमचे मागणे मोठे नाही. नोंदविलेला भ्रमणध्वनी भाडेकरूचा असला तरी मालकाचा दुसरा क्रमांक नोंदवून घ्यावा आणि पुरवठा तोडण्याची सूचना त्या दोन्ही क्रमांकांवर जावी. खास वाचनाचा अर्ज प्रत्येक उपविभागाच्या कचेरीत मराठीत उपलब्ध असावा. नवा ताबेदार खिडकीशी आला तर सहा महिन्यांची मर्यादा त्याने विचारण्यापूर्वीच त्याला लेखी सांगितली जावी. यांपैकी एकासही नव्या कायद्याची किंवा मोठ्या खर्चाची जरूर नाही, आणि येत्या मे महिन्यात टेम्पो पुन्हा उभे राहण्यास अजून पुरेसा अवधी आहे.