एकविसातला चौदावा

गुरुवार हा आमच्या पारायण गटाचा वार. शेगावच्या गजानन महाराजांवरच्या, दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे अध्याय २१, म्हणून गटात माणसंही २१. ज्याच्या वाट्याला जो अध्याय येईल तो त्याने दिवसभरात वाचायचा, वाचून झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जय गजानन’ टाकायचं. पुढच्या गुरुवारी अध्याय एकाने सरकतो. असे गट आता पुण्यापासून पार अमेरिकेपर्यंत आहेत. आमच्यात मी नववा. चौदा नंबरच्या ताई ह्यूस्टनला, त्यामुळे त्यांचं ‘जय गजानन’ आमच्याकडे शुक्रवार उजाडता उजाडता येतं. तीन वर्षं मी ते पाहत होतो. एखाद्या आठवड्यात उशीर झाला तर काळजीही वाटायची. त्या करतात काय, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका पोराने विचारलं, ‘काका, पाइपलाइनच्या कामातलं कोणी आहे का तुमच्या ओळखीचं?’ पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात कॉट बेसिसवर राहून चार महिने अर्ज टाकत होता. मी नाही म्हणालो. खोटं बोललो नव्हतो. दोन महिन्यांनी ताईंच्या वडिलांना खामगावात दवाखान्यात ठेवलं, रक्त लागलं, गटावर निरोप आला, आम्ही तिघं धावलो. त्या गडबडीतल्या फोनवर कळलं की ताई तेलाच्या पाइपलाइनचं डिझाइन करतात आणि शिकल्या शेगावच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात.

रक्ताची पिशवी मिळवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली होती, ताईंचं काम कळायला तीन वर्षं.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं हे असंच आहे. गावी असेपर्यंत आपण घाटावरचे नाहीतर घाटाखालचे. खालच्यांच्या दारातून मुंबई-हावडा रेल्वे जाते. वरचे शंभर वर्षं खामगाव-जालना रेल्वेची वाट पाहत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठतात. पण चाकणला पोचले की मेहकरवाला आणि मलकापूरवाला एकमेकांचे ‘आपल्याकडचे’ होतात. खोली, मेस, चांगला डॉक्टर, अडीनडीला दोन हजार, आणि वेळ आलीच तर गावी मयत न्यायला गाडी, सगळं एका फोनवर. या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवायची गरज नाही. कामाधंद्याची गोष्ट निघाली की मात्र दातखीळ बसते.

याचं कारण मला ‘वशिला’ या शब्दात दिसतं. वशिल्याने आपल्या दोन पिढ्यांची पोरं पोळली. आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यातला शिकलेला, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नसलेला एकनाथ आपल्याला परका वाटला नाही, कारण तसे एकनाथ घरोघरी होते. साहजिकच मानी माणसाने ठरवून टाकलं की ओळख काढणं म्हणजे हात पसरणं. आणि जो पुढे गेला त्यानेही ठरवलं की कोणाचं नाव पुढे करणं म्हणजे भानगड. पण वशिला हा लायक माणसाला डावलून आपला घुसवतो. दार कुठं आहे, ते कधी उघडतं आणि आत काय विचारतात, एवढं सांगणं म्हणजे ओळख. परीक्षा पोरालाच द्यायची असते. मोठ्या कंपन्या तर आता आपल्याच नोकरदारांना सांगतात की चांगली माणसं सुचवा, घेतली तर बक्षीस देऊ. त्यात लाजायचं काय?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली याच विषयावर एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारलं की ज्याने खबर दिली तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटायचा म्हणणारे शेकडा साधारण १७ भरले. अधूनमधून भेटायचा म्हणणारे ५६ आणि क्वचितच म्हणणारे २८. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासातही साधारण हेच निघालं, फक्त ओळख अगदीच पुसट असूनही चालत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सख्खा मामा जीव टाकेल, पण त्याला जेवढं माहीत तेवढं तुम्हालाही माहीतच असतं. नवी खबर येते ती पंगतीत एकदा शेजारी बसलेल्या माणसाकडून. आपण बसतो सोयऱ्यांना धरून. गुरुवारचे सोडले तर पुण्यातले आपले बरेच गट जातीच्या कुंपणात आहेत, आणि कुंपणाच्या आत सगळ्यांकडे एकच खबर फिरत राहते.

व्यापाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला गेला, तेव्हा कापसाच्या पेठेत परप्रांतातून आलेला माणूस कोणाच्या तरी हाती सोपवलेला असे. कलकत्त्याला मारवाडी मंडळींचे बासे होते: नव्या पोराने तिथे जेवायचं, राहायचं, आणि ताटावर बसल्या बसल्या बाजाराचे भाव ऐकायचे. पुण्यातल्या आपल्या मेसमध्येही पोरं रोज एकत्र जेवतात, पण ताटावर मोबाइल असतो. (माझ्याही असतो.) आणि हे बाहेरच्यांनाच जमतं असंही नाही. बुलडाणा अर्बन ही पतसंस्था १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांवर उभी राहिली. त्या आकड्यांकडे पाहिलं तर तिचं पहिलं भांडवल ओळख हेच होतं.

परदेशातल्या मराठी मंडळांकडे मी थोडा रागाने पाहतो, हे कबूल करतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. गणपती, नाटक, दिवाळी अंक, सगळं मन लावून. उद्योजकांच्या बैठकाही आता अधिवेशनात भरतात, पण तिथे उद्योग असलेलाच जातो. संग्रामपूर तालुक्यातलं पोरगं तिथवर पोचणार कसं? त्याच्या मानाने गुरुवारचा गट किती मोठी गोष्ट आहे पाहा. वर्गणी नाही, पद नाही, सूटबूट नाही, बरेच गट बायकाच चालवतात, आणि एकविसांत कोण कुठल्या जातीचा हे कोणी विचारलेलं नसतं.

गल्लीतल्या त्या पोराची मी ताईंशी गाठ घालून दिली, त्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. ताईंनी नोकरी दिली नाही, ती त्यांच्या हाती नव्हतीच. पहिल्या फोनवर पोरगा म्हणाला, ‘ताई, काही असलं तर सांगा.’ ताई म्हणाल्या, ‘असं विचारलंस तर कोणीही हो म्हणेल आणि विसरेल. तुला नेमकं काय करायचंय?’ वीस मिनिटांत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: तो भलत्याच पदनामाखाली अर्ज करत होता, आणि पाइपवरचा ताण मोजायचं सॉफ्टवेअर शिकल्याशिवाय त्याचा अर्ज कोणी उघडणार नव्हतं. पाच महिन्यांनी तो बडोद्याच्या एका डिझाइन ऑफिसात लागला. लागल्यावर त्याने पहिला फोन ताईंना केला, आणि मला हे जास्त आवडलं. आपली पोरं काम झालं की सांगायला विसरतात, मग पुढच्या वेळी सांगणारा गप्प बसतो.

ताईंची स्वतःची गोष्ट वेगळीच. नवऱ्याच्या व्हिसावर गेल्या, पदवी कपाटात. २०१५ साली अमेरिकेने अशा काही जोडीदारांना कामाची परवानगी दिली, पण तोवर हातातली सवय सुटलेली. पहिलं काम कुठे मिळेल हे त्यांना पारायणातल्याच एका बाईने सांगितलं होतं. म्हणूनच त्यांनी त्या पोराला वीस मिनिटं दिली असावीत.

दिवाळीला आणि उन्हाळ्यात बाहेरदेशीची आपली कितीतरी माणसं शेगावला येतात. दर्शन, प्रसाद, कचोरी, संध्याकाळची गाडी. १९८३ पासून उभं असलेलं इंजिनिअरिंग कॉलेज तिथेच खामगाव रोडवर आहे. माजी विद्यार्थीसुद्धा समोरून निघून जातात. यंदा येणार असाल तर तासभर राखून ठेवा. भाषण नको, शेवटच्या वर्षाच्या दहा पोरांसोबत चहा घ्या, आणि तुमचा आठ तासांचा दिवस नेमका कसा जातो एवढंच सांगा.

आणि ज्यांना कुठे जायचं नाही त्यांनी येत्या गुरुवारी ‘जय गजानन’ टाकून झालं की आपल्या गटातल्या एका नंबराला फोन लावा. विचारा, ‘दादा, तुम्ही काम काय करता?’