किरणांना मोजमाप, कण्याला नाही

चंडीगडलगतच्या मुल्लानपूर येथील ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय व संशोधन केंद्र २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची ही उत्तरेतील शाखा. देशात कोठेही प्रारणोपचाराचे यंत्र चालवायचे, तर अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेला प्रारण सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. त्यासाठीचे मनुष्यबळ घडवणारी भाभा अणुसंशोधन केंद्राची पदविका १९६२पासून चालू आहे. कर्मचाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला प्रारणाची मात्रा नोंदवतो; पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरलेली आहे.

आता कोणत्याही रुग्णालयातील परिचारिकेकडे पाहावे. ती दिवसभर रुग्णांना कुशीवर वळवते, उचलून चाकाच्या खुर्चीत बसवते. रुग्णाला हाताने उचलताना सुमारे १६ किलोपलीकडचा भार घेऊ नये, अशी शिफारस अमेरिकी संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये केली. प्रौढ रुग्णाचे वजन याच्या तिपटी-चौपटीने असते. तिच्या कण्यावरचा भार मात्र कोणताही बिल्ला नोंदवत नाही.

देहाच्या मर्यादा मोजून त्यांनुसार काम, साधने व जागा आखणारे शास्त्र म्हणजे अर्गोनॉमिक्स. भारताला ते अपरिचित नाही. आयआयटी मुंबईतही ते शिकवले जाते. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. अमेरिकेत १९९०मध्ये स्थापन झालेले मंडळ शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव व परीक्षा पाहून प्रमाणपत्र देते. ब्रिटनमधील व्यावसायिक संस्थेला २०१४मध्ये राजसनद मिळाली. आपल्याकडे खुर्च्या विकणाराही स्वतःला अर्गोनॉमिस्ट म्हणवू शकतो. त्याला अडवणारा कायदा नाही.

तथापि केवळ परदेशी प्रमाणपत्राचे अनुकरण पुरेसे ठरणार नाही. अमेरिकेतही ते ऐच्छिकच आहे, आणि ज्याची मागणी कायदा करत नाही, ते प्रमाणपत्र भिंतीवरच्या चौकटीत राहते. अनुकरणीय नमुना घरातच आहे: आधी अभ्यासक्रम, मग परीक्षा, आणि त्या पात्रतेवाचून काम सुरू न होऊ देणारा नियम.

लहान रुग्णालयांना हा खर्च पेलणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रत्येक ठिकाणी पूर्णवेळ तज्ज्ञ हवाच असे नाही. एका जिल्ह्यातील अनेक रुग्णालयांची तपासणी एक प्रमाणित तज्ज्ञ करू शकेल. रुग्ण उचलण्याची साधी यंत्रे कोठे हवीत, एवढे जरी त्याने ठरवले, तरी अनेक पाठी वाचतील. किरण अदृश्य असूनही आपण ते मोजायला शिकलो. पाठदुखी तर समोर उभी आहे.