भेद विसरा म्हणे!

हल्ली वेबसाइट करायला शिकवणारी काही मंडळी पहिल्याच तासाला सांगून टाकतात, की ब्राउझर आणि सर्व्हर हा भेद आता विसरा. लॅराव्हेलला लाइव्हवायर जोडा, पीएचपीचा एक क्लास लिहा, त्याला एक टेम्प्लेट लावा, की झाला तुमचा फुल-स्टॅक कंपोनंट! जावास्क्रिप्टची एक ओळही नको. हे शिकवणं मला साफ नामंजूर आहे.

लाइव्हवायरशी माझं भांडण नाही, बरं का. कॅलेब पोर्झिओ यांनी २०१९ मध्ये ते आणलं आणि एकट्यादुकट्याने काम करणाऱ्यांवर उपकारच केले. मी मुलांसाठी शब्दार्थांची चाचणी केली आहे ती त्यातच. बटणावर 'वायर:क्लिक' लिहायचं, क्लासमधलं फंक्शन चालतं आणि पानाचा बदललेला तेवढाच भाग नवा होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जमतं, म्हणजे सोपंच म्हणायचं.

पण आत काय चालतं? क्लासमध्ये 'पब्लिक' म्हणून ठेवलेलं प्रत्येक व्हेरिएबल पानात लिहून ब्राउझरकडे पाठवलं जातं आणि पुढच्या क्लिकला तिथूनच परत येतं. दोन क्लिकांच्या मधे सर्व्हरवर तो कंपोनंट शिल्लकच नसतो, दर वेळी नव्याने उभा केला जातो. आता समजा, नवशिक्याने चाचणीचं बरोबर उत्तर पब्लिक ठेवलं. पडद्यावर ते कुठेच दिसत नाही, म्हणून गडी निश्चिंत. पानाचा सोर्स उघडला की उत्तर समोर! प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर आदर्श उत्तरं छापायची आणि मुलांना 'पान उलटू नका' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. जन्मभर पर्यवेक्षण केलंय. मुलं पान उलटतात.

बरं, नुसतं वाचता येतं असंही नाही. पाठवलेली स्थिती तशीच परत आली का, हे तपासायला लाइव्हवायर चेकसम लावतं, हे खरं. पण त्याच विनंतीत 'अमुक व्हेरिएबल एवढं करा' असा निरोपही ब्राउझर पाठवू शकतो, नाहीतर फॉर्म भरणार कसा? मग 'गुण' पब्लिक असतील तर ते १०० करा असाही निरोप जाईल. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लॉक्ड' अशी खूण आली. ती लावली की बदल अडतो, वाचणं मात्र अडत नाही.

फंक्शनांचंही तेच. नोंद पुसायचं बटण फक्त शिक्षकांना दिसावं, अशी अट टेम्प्लेटमध्ये घातली की काम झालंसं वाटतं. पण लपलं ते बटण! पब्लिक फंक्शन ब्राउझरच्या कन्सोलमधून कुणीही चालवू शकतो. परवानगी फंक्शनच्या आत तपासावी लागते.

हे सगळं लाइव्हवायरच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. करणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही, शिकवणारे तेवढं पान वगळतात. आणि या जागी तर भल्याभल्यांचा पाय घसरतो. जुलै २०२५ मध्ये खुद्द लाइव्हवायरच्या तिसऱ्या आवृत्तीत, ब्राउझरकडून आलेल्या किमती परत बसवण्याच्या टप्प्यावर दोष सापडला. विशिष्ट परिस्थितीत लॉगिन न करताही सर्व्हरवर हवा तो आदेश चालवता येत होता. ३.६.४ मध्ये तो दुरुस्त झाला. त्याच वर्षी डिसेंबरात रिअॅक्टच्या सर्व्हर कंपोनंटांत असाच दोष उघड झाला, गंभीरपणात १० पैकी १०! दोन्हीकडे घोटाळा कुठे, तर ब्राउझरचं पार्सल सर्व्हरवर उघडतात तिथेच. आणि आम्ही पोरांना सांगतो, भेद विसरा!

उद्या यातलाच एखादा मुलगा कुठल्याशा शाळेची निकालाची वेबसाइट करील. त्यात शेकडो पोरांची नावं, जन्मतारखा, पालकांचे फोन नंबर असतील.

तेव्हा मास्तर, पहिला तास साध्या एचटीएमएल फॉर्मचा घ्या. ब्राउझरमधला नेटवर्कचा टॅब उघडून काय गेलं, काय आलं, ते पोरांना मोठ्याने वाचायला लावा. एकाला गुण बदलून पाठवू द्या. हसतील, ओरडतील, हसू द्या. दुसऱ्या तासाला खुशाल लाइव्हवायर काढा.